बिल्ला आणि फुंकर

जुना कार्बोरेटर ओळखायचा असेल तर आधी त्याला आंघोळ घालावी लागते. पूर्वी आम्ही रॉकेलने घालायचो, आता थिनरने घालतात. काजळी गेली की खालचा करडा धातू दिसायला लागतो आणि मग त्याला नाव-गाव विचारता येतं. उल्हासनगरात कॅम्प नंबर तीनमधल्या आठ बाय दहाच्या गाळ्यात मी हेच काम चाळीस वर्षं केलं. लोक मला ‘कार्बेटरवाले कदम’ म्हणायचे. पुण्या-नाशिकहून हौशी माणसं फडक्यात गुंडाळलेले कार्बोरेटर घेऊन यायची आणि वैद्याकडे आल्यासारखी बाकावर गप्प बसून राहायची.

‘अनुभव लिहा, गमतीजमती लिहा,’ असं मला या अंकाच्या संपादकांनी सांगितलं आहे. गमती आहेतच. पण गेली दोन वर्षं मला कशातच गंमत वाटत नाही, हे आधीच सांगितलेलं बरं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. कार्बोरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा मापात कालवून इंजिनाला भरवणारं भांडं. आताच्या गाड्यांत ते नसतं, तिथे कॉम्प्युटर भरवतो. पेट्रोल जास्त झालं तर गाडी काळा धूर सोडते, प्लग काळे पडतात, मालक बोंब मारतो, पण इंजिन सहसा मरत नाही. पेट्रोल कमी पडलं तर मात्र आतली आग भडकते आणि पिस्टन जळतो. त्यातून गंमत अशी की उपाशी इंजिन लगेच कुरकुर करत नाही. उलट सपाट रस्त्यावर ते हलकं आणि चपळ वाटतं. म्हणून कार्बोरेटर निवडताना इंजिनाचं पोट केवढं आणि हे भांडं वाढतं किती, एवढंच बघायचं असतं.

अडचण अशी, की बाहेरून सगळी भावंडं सारखी दिसतात. अंगावर ओतलेला आकडा असतो, पण तो आडनावासारखा, अख्ख्या घराण्याचा. स्वतःचं नाव असतं ते पितळेच्या चिमुकल्या पट्टीवर. तिला आम्ही बिल्ला म्हणतो. झाकणाच्या एका स्क्रूखाली तो बसवलेला असतो आणि त्याच्या नंबरावरून हा कार्बोरेटर कुठल्या गाडीच्या कुठल्या इंजिनासाठी बनला ते कळतं. आता आपल्या मेकॅनिक लोकांची रीत काय, तर झाकण उघडलं की पहिल्यांदा बिल्ला हरवायचा. स्क्रू परत बसतो आणि बिल्ला जातो गटारात.

बिल्ला नसला की हातांनी ओळखायचं. बोल्टांमधलं अंतर बघायचं, गळ्याचा घेर मोजायचा. त्यासाठी माझ्याकडे ड्रिलच्या गुळगुळीत दांड्या होत्या, अंबरनाथच्या एका टूलरूममधून निवृत्त झालेल्या गृहस्थांनी दिलेल्या. जेट म्हणजे पेट्रोल सोडणारं बारीक भोकाचं पितळी बूच, त्याच्यावरच्या आकड्यांवर विश्वास ठेवायचा नाही, कारण प्रत्येक जेटात कुणी ना कुणी तार खुपसलेली असतेच. आणि सगळ्यात शेवटी फुंकर. मोठ्या इंजिनाच्या कार्बोरेटरात चढावर जास्तीचं पेट्रोल पुरवणारी एक बारीक वाट धातूतच पाडलेली असते. लहान भावंडात बाहेर भोक दिसतं, पण आत वाट नसते. एका भोकाला ओठ लावून फुंकायचं आणि दुसऱ्या तोंडाशी ओलं बोट धरायचं. बोटाला गार लागलं तर वाट आहे. एवढी साधी परीक्षा, पण तिने मला कधी दगा दिला नाही. फक्त तोंडाला पेट्रोलची चव कायमची बसली आणि घरातला चहा मला एकट्यालाच वेगळा लागायचा.

गिऱ्हाइकं एकेक नमुने होती. बदलापूरच्या पलीकडच्या गावातून एक म्हातारबा आले. त्यांच्या भाताच्या गिरणीला जुनं पेट्रोल इंजिन होतं आणि त्याला त्यांना जीपचा कार्बोरेटर हवा होता. मी म्हटलं, बाबा, याचं पोट लहान आहे, हे पेट्रोल पिऊन पिऊन नुसता धूर ओकेल. तर म्हणाले, “ओकूं दे रं. आवाज जीपचा आला पायजे. गिरण चालू झाली त गावाला कललं पायजे.” मी बसवून दिला नाही. ते माझ्यावर रुसून गेले आणि दुसऱ्याकडून बसवून घेतला. पुढे त्यांच्या गावाला काय कळलं ते मला कळलं नाही.

त्या काळी माझा मला फार अभिमान होता. आणि त्या अभिमानापोटीच मी एक सवय लावून घेतली, जिच्याबद्दल आजवर कुणी मला दोष दिला नाही. फेकलेले, सुटे, बेवारस बिल्ले मी गोळा करायचो. गाळ्यात बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता, तो भरून गेला होता. बिना बिल्ल्याचा कार्बोरेटर आला की मी तो मोजून, फुंकून ओळखायचो आणि त्याला शोभेल तो बिल्ला डब्यातून काढून लावून द्यायचो. पुढच्या मेकॅनिकची फसगत होऊ नये हा हेतू. बिल्ला मी लावलाय हे मला तरी कळावं म्हणून त्याचा एक कोपरा कानशीने नखाएवढा कापायचो. मला वाटायचं मी प्रामाणिकपणा करतोय.

माझ्या शेजारच्या गल्लीत परसराम नावाच्या सिंधी व्यापाऱ्याचं जुन्या पार्टचं दुकान होतं. माणूस गोड. एकदा त्याने बंद पडलेल्या एका गॅरेजचा माल उचलला. गोणीभर कार्बोरेटर, एकालाही बिल्ला नाही. गोणी माझ्या दारात ठेवून म्हणाला, “साईं, बगैर बिल्ले का माल कोई हाथ नहीं लगाता. तुम्ही बघून लावून द्या ना. कदम का बिल्ला, बात खतम.”

‘बात खतम’ ऐकून मी फुगलो. एका दुपारी अख्खी गोणी उरकली. दांड्यांनी गळे मोजले, पण फुंकर मारली नाही. एवढे कार्बोरेटर फुंकायचे तर भोवळच आली असती. शिवाय मला वाटलं, आता माझी नजरच पुरे. प्रत्येकाला बिल्ला लावला, प्रत्येकाचा कोपरा कापला. तो माल कुठे कुठे गेला, देव जाणे. ही तीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट.

आता दातारांकडे येतो.

दातारसाहेब अंबरनाथला राहतात. कारखान्यात अधिकारी होते, मला जाऊन-येऊन चाळीस वर्षं ओळखतात. त्यांच्याकडे वडिलांनी घेतलेली हिरवी विलायती गाडी होती, दीड लिटरच्या इंजिनाची. तिचं नाव इथे लिहीत नाही, नाहीतर हौशी लोकांचे फोन सुरू होतील. गाडी साहेबांची असली तरी चालवायच्या त्यांच्या पत्नी. त्या शाळेत शास्त्र शिकवायच्या, म्हणून आम्ही सगळे त्यांना बाईच म्हणायचो. साहेबांना गाडी बाईंनी शिकवली आणि ते शेवटपर्यंत कच्चेच राहिले. गाडी माझ्याकडे आली की बाई गाळ्यात उभ्या राहून सगळं बघायच्या. मी फुंकर मारताना त्यांना हसू यायचं. म्हणायच्या, “कदम, तुम्ही बासरी शिकला असतात तर नाव काढलं असतं.” निघताना हटकून विचारायच्या, “फुंकून बघितलंत ना?” मी म्हणायचो, “हो बाई, बघितलं.” मग पर्स काखेत मारून त्या गाडीत बसायच्या.

पाच-सहा वर्षांपूर्वी बाईंना विसर पडायला लागला. आधी भाजीत मीठ, मग गल्ली, मग माणसं. साहेबांना त्या ‘भाऊ’ म्हणायला लागल्या. घरात कोणी पाहुणा बराच दिवस राहिलाय असं त्यांना वाटायचं, आणि त्या त्याच्याशी अदबीने वागायच्या. साहेब एकदा मला म्हणाले, “कदम, रागावली असती तर परवडलं असतं. ही अदब सहन होत नाही.”

पण हिरव्या गाडीत बसलं की वेगळंच व्हायचं. दर रविवारी सकाळी साहेब त्यांना घेऊन अंबरनाथहून निघायचे, बदलापूर ओलांडून बारवी धरणाच्या रस्त्याला जायचे आणि परत यायचे. इंजिन सुरू झालं की बाई ताठ बसायच्या. साहेबांनी गिअर बदलला की बाईंचा डावा पाय आपोआप खाली दाबला जायचा. मोरिवलीच्या कारखान्यांचा वास आला की म्हणायच्या, “अहो, काच वर घ्या.” आणि मग, “क्लच पुरता दाबा. किती वर्षं सांगतेय तुम्हाला.” तो दीड तास साहेब त्यांचे नवरे असायचे. नव्या गाडीत, रिक्षात, मुलाच्या मोठ्या गाडीत हे होत नसे. करून पाहिलं होतं. त्यांना त्या इंजिनाचा आवाज लागायचा.

दोन वर्षांपूर्वी त्या गाडीचा कार्बोरेटर गेला. हल्ली पेट्रोलात जे मिसळतात त्याने जुना धातू झिजतो, भांड्यात पांढरी भुकटी साचते. भांड्याला चीर गेली आणि ती मिटवता येईना. साहेबांनी मला फक्त एवढंच सांगितलं, “रविवार चुकवायचा नाहीये, कदम.”

मी आधी परसरामकडे गेलो. तो आता थकलाय, दुकानात त्याचा मुलगा मोबाइलची कव्हरं विकतो. पण माळ्यावर काही जुना माल होता. त्यातून एक कार्बोरेटर निघाला. घराणं बरोबर, गळा बरोबर, बिल्ला नाही. परसराम म्हणाला, “फूंक के देख लो साईं, मुझे तो यही लगता है.”

त्याच वेळी, मी राहतो त्या बदलापूरच्या कात्रपमधल्या सोसायटीतला निखिल पुढे आला. आयटीतला पोरगा, जुन्या गाड्यांचा नाद. त्यांचे फोनवर ग्रुप असतात. त्याने कोइमतूरहून कुरियरने एक मागवून दिला. “काका, हा बघा. बिल्ल्यासकट आहे. नंबर टॅली होतो, एकदम सेम.” नंबर खरंच जुळत होता, दीड लिटर, त्याच गाडीचा. बिल्ल्यावर चंदेरी रंगाचा जाड थर होता, कडा-कोपरे त्यात बुजलेले. मी चष्मा लावून नंबर वाचला आणि मला हायसं वाटलं. शुक्रवार होता. परसरामचा कार्बोरेटर मी बाजूला ठेवला. त्याला नाव नव्हतं.

मी फुंकून बघितलं नाही. हे मी दोन वर्षांत हजार वेळा मनात उगाळलंय. कारण असं काहीच नव्हतं. ओठ होते, बोट होतं, कार्बोरेटर हातात होता. बिल्ला दिसला आणि फुंकायची गरज वाटली नाही, बस्स.

बसवला, सेटिंग केलं, सपाट रस्त्यावर स्टेशनपर्यंत जाऊन आलो. गाडी हलकी आणि चपळ वाटली. वर मीच लिहिलंय, उपाशी इंजिन कसं वाटतं ते. शनिवारी साहेबांचा फोन आला, “पुलावर चढताना किंचित खडखड ऐकू येते हो.” मी म्हटलं, “कार्बोरेटर बदललाय साहेब, थोडा आवाज येईल. मनावर घेऊ नका.”

रविवारी बारवीच्या रस्त्याला, चढावर, बाई म्हणाल्या, “थांबवा. आवाज ऐका.” साहेब म्हणाले, “काही नाही, कदम म्हणालेत.” बाई परत म्हणाल्या, “अहो, थांबवा गाडी.” साहेबांनी आणखी रेस दिली. त्यांना वाटलं चढ संपला की आवाज थांबेल. पिस्टन जळून फुटला, रॉड तुटला आणि इंजिनाचा ब्लॉक, म्हणजे त्याचं ओतीव धड, फोडून बाहेर आला. मी पोचलो तेव्हा रस्त्यावर तेल सांडलं होतं आणि बाई बॉनेटवर हात ठेवून उभ्या होत्या, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा.

फुटलेला ब्लॉक घेऊन मी उल्हासनगर, कुर्ला, पुणे पालथं घातलं. तो सांधला गेला नाही आणि दुसरा मिळाला नाही. डिझेल इंजिन बसवून देतो म्हणून विचारलं. साहेब म्हणाले, “तिला आवाज कळतो, कदम.”

मग गाळ्यात बसून तो कार्बोरेटर उघडला. थिनरमध्ये टाकला. बिल्ल्यावरचा चंदेरी रंग सुटला आणि कापलेला कोपरा दिसला. नखाएवढा. मी भोकाला ओठ लावले आणि फुंकलं. हवा माझ्याच तोंडात परत आली. मग परसरामचा उचलला, बिना बिल्ल्याचा. फुंकर आरपार गेली, बोट गार पडलं. मी किती वेळ ते ओलं बोट धरून बसलो होतो कुणास ठाऊक. चाळीस वर्षांत पहिल्यांदा मला माझ्या हातांची किळस आली.

साहेबांना सांगायला गेलो. कोपरा दाखवला, गोणीची गोष्ट सांगितली, फुंकलं नाही तेही सांगितलं. वाटत होतं, ओरडतील, घालवून देतील. त्यांनी बिल्ल्याच्या कापलेल्या कोपऱ्यावरून बोट फिरवलं. म्हणाले, “म्हणजे ती बरोबर सांगत होती.” मग म्हणाले, “मी ऐकलं नाही. तिला काय कळतंय, असं धरून चाललो मी.” त्यांनी मला चहा दिला.

गाळा मी बंद केला. डब्यातले उरलेले बिल्ले पितळवाल्याला वितळवायला दिले. पण बाहेर गेलेले कसे परत आणू? गावोगावच्या इंजिनांवर माझं खोटं स्क्रू आवळून बसलंय आणि कुठला चढ कुणाचा शेवटचा ठरेल ते मला कळणार नाही. पाठ टेकली की मला ते दिसतात. लोक म्हणतात, कदम, माणूस म्हटला की चूक व्हायचीच. चूक एकदा होते हो. मी ती एका दुपारी गोणीभर केली.

पुढे साहेबांनी गाडी निखिलला दिली, आणि मी त्यांच्याकडेच सोडून आलेला तो कार्बोरेटरही तिच्यासोबत गेला. गाडी आता एका रिसॉर्टच्या दारात उभी आहे, आत इंजिन नाही. महिन्याभराने निखिल तोच कार्बोरेटर घेऊन घरी आला. परदेशातलं गिऱ्हाईक होतं. “काका, फक्त एक व्हॉइस मेसेज द्या ना, ओरिजिनल है करके.”

मी त्याला सगळं सांगितलं. बिल्ला खोटा आहे, मीच लावलाय, कोपरा बघ.

तो हसला. “काका, कोपऱ्याचं सगळ्यांना माहीत आहे. ग्रुपवर त्याला ‘कदम कट’ म्हणतात. कट असला म्हणजे तुम्ही चेक केलेला पीस. उलट व्हॅल्यू वाढते.”

“अरे, मी चेक केला नव्हता. फुंकलं नव्हतं मी. याने इंजिन मेलंय.”

“काका, टेन्शन नका घेऊ. इंजिनाला कोण लावतोय? लोक शेल्फवर ठेवतात.”

“आणि कुणी लावला तर?”

मी कार्बोरेटर घट्ट धरून ठेवला होता, त्याने तो माझ्या हातातून अलगद सोडवून घेतला, जसं म्हाताऱ्या माणसाच्या हातातून काही काढून घेतात. पोरगा वाईट नाही. माझं खरं ऐकून घेणारं गिऱ्हाईकच उरलेलं नाही.

दर रविवारी सकाळी मी अंबरनाथला जातो. साहेबांनी बोलावलेलं नाही, पण ते दार उघडतात. बाई आता खुर्चीतच असतात. मुलाला ओळखत नाहीत, साहेबांना ‘भाऊ, चहा घेतलात का?’ म्हणून विचारतात. पण मी दारात दिसलो की त्यांचा चेहरा उजळतो. अख्ख्या जगातून त्यांनी ओळखायला मला ठेवलंय.

“कदम आले,” त्या साहेबांना सांगतात, पाहुण्याला सांगावं तसं. “आता गाडी होईल.” मग माझ्याकडे वळतात. “झाली का हो?”

“होतेय, बाई. पार्ट यायचाय.”

“बरं. घाई नाही.” डावा पाय फरशीवर हळूच दाबून बघतात. साहेब खिडकीशी उठून जातात. बाई माझ्याकडे बघून पूर्वीसारख्या हसतात आणि विचारतात, “फुंकून बघितलंत ना?”

आणि मी म्हणतो, “हो बाई, बघितलं.”